मेळाव्याला न्यायचं का, हा दुसरा प्रश्न

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

जुळे सोलापुरातले एक वाचक लिहितात. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने दीड वर्षापूर्वी एक मुलगी दत्तक घेतली. घरी आली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती, आता अडीच वर्षांची आहे. ती ज्या संस्थेतून आली, तिथली बरीच मुलं पूर्वी इटली, स्पेन, स्वीडन, अमेरिका अशा देशांत दत्तक गेली. त्यांतली काही कुटुंबं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला सोलापुरात एकत्र येणार आहेत. शनिवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचा मेळावा आणि रविवारी सकाळी बसने संस्थेला भेट, असा बेत आहे. संस्थेने इथल्या दत्तक पालकांनाही बोलावलं आहे.

या गृहस्थांना जायचं आहे. "पोरगी लहान आहे, तिला काय कळणार? चार ओळखी होतील, जेवून येऊ," असं ते लिहितात. पत्नीचा विरोध आहे. येणाऱ्यांपैकी काही मोठी मुलं जन्मदात्या आईच्या शोधात आहेत, हे तिच्या कानावर आलंय. "ती जरा जास्तच हळवी आहे," असं त्यांचं म्हणणं. आजीचा विरोध वेगळ्या कारणाने आहे. शेजारीपाजारी आणि बरेचसे नातेवाईक यांना मुलगी दत्तक असल्याचं माहीतच नाही. बायको माहेरी राहून बाळंत होऊन आली, असं सगळ्यांना वाटतं. गेल्या संक्रांतीला बोरन्हाणात एका शेजारणीने "नाक कुणाचं घेतलंय हो हिनं?" असं विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, "माझ्या माहेरच्यांचं." असलं काही चव्हाट्यावर मांडायचं नसतं आणि पोर कळती झाली की बघू, असं तिचं मत. मुलीला मेळाव्याला न्यावं की नाही, हा त्यांचा प्रश्न.

नमस्कार.

आधी मनात आलेलं बोलून टाकते. हॉल कुठला, जेवणात काय, कोणकोणत्या देशांतून किती जण येणार, हे सगळं तुमच्या पत्रात सविस्तर आहे. बायकोची भीती मात्र एका ओळीत उरकलीय आणि तीही ‘हळवी’ म्हणून निकालात काढलीय. तिला नेमकी कशाची भीती वाटते, हे तुम्ही विचारलंत का? त्या हॉलमध्ये तुम्ही पाहुण्यांशी गप्पा मारत असताना पोरीमागे धावणार कोण, हे मला न विचारताही माहीत आहे. म्हणजे दिवस तिला काढायचाय आणि ठरवताय तुम्ही. हे पत्र तिलाही वाचायला द्या आणि मग दोघं मिळून ठरवा.

आता "तिला काय कळणार?" याबद्दल. ‘दत्तक’ म्हणजे काय हे अडीच वर्षांच्या पोरीला कळणार नाही, हे खरंच. पण गोंगाट कळतो. आईचा आवाज ताणलेला आहे हे कळतं. अनोळखी बाईने एकदम उचलून कडेवर घेतलं आणि आई नुसती हसत उभी राहिली, तर तेही कळतं. आयुष्यातले पहिले महिने पाळीपाळीने येणाऱ्या मावश्यांच्या हातांवर काढलेली मुलं कधीकधी कुणाकडेही सहज जातात. पाहुणे कौतुक करतात, "किती माणसाळलेली आहे हो!" तिला सांभाळणाऱ्या संस्थेतल्या ताईंना विचारा, त्यांना या गोष्टीचं एवढं कौतुक वाटत नाही. हे दोन चेहरे आपले आणि कायमचे, हे पोर आत्ता कुठे शिकतंय. त्यात एका दिवशी पंधरा जणांच्या कडेवर फिरवून आणणं म्हणजे शिकवलेलं पुसणं.

म्हणून ती लहान आहे या कारणासाठी बिनधास्त नेऊही नका आणि त्याच कारणासाठी टाळूही नका. नेण्या-न नेण्याचा प्रश्न खरं तर सोपा आहे, त्यावर पुढे लिहितेच. अवघड प्रश्न बोरन्हाणाच्या त्या वाक्यात दडलाय.

पाहुणे म्हणून जी कुटुंबं येणार आहेत, त्यांच्यात आणि तुमच्यात एक मोठा फरक आहे. स्वीडनमध्ये गोरे आईबाप आणि सावळी लेक बाजारात निघाली की बघणाऱ्याला न सांगता सगळं समजतं. लपवायची सोयच नाही. त्यामुळे त्या घरांत पहिल्या दिवसापासून बोलावंच लागलं, कधी नीट, कधी वेडंवाकडं. तुम्हाला लपवता येतं. रंग जुळतो, भाषा जुळते, आजीच्या माहेरचं नाकही जुळवून घेता येतं. ही सोय आहे तोवर सोपं वाटतं, पण तिचा हप्ता पुढे पोरीलाच फेडावा लागतो.

मागे पुण्यात अशाच एका भेटीला मी गेले होते. युरोपात वाढलेली तिशीची एक मुलगी आली होती, शिक्षिका. आपल्याकडच्या एका आईने तिला मोठ्या काळजीने विचारलं, "तुला कधी कळलं गं?" दुभाष्याने प्रश्न सांगितला, तरी त्या मुलीला तो उमगेना. तिने परत विचारून घेतला आणि म्हणाली, कळलं म्हणजे? मला नेहमीच माहीत होतं. विचारणारी बाई गप्प झाली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि घरात अजून कुणी त्याला काही बोललं नव्हतं.

‘कळती झाली की सांगू’ यात एक गृहीत धरलेलं असतं. ही एकदाच, बसवून सांगायची बातमी आहे. बातमी म्हणून सांगितली की तिचा धक्का बसतोच, आणि मग पोराला पहिला प्रश्न पडतो, "आणखी काय काय लपवलंय?" त्यापेक्षा ते नेहमीचं ऐकलेलं असू दे, तिचं नाव, तिचा वाढदिवस, गच्चीवरची मांजर यांच्यासारखं. अडीच हे वय त्यासाठी उशिराचं मुळीच नाही. झोपताना अल्बम काढा आणि सांगा : "तू आधी एका मोठ्या घरात होतीस. तिथं मावशी तुला भरवायच्या. मग आई-बाबा आले, तू बाबांचा चष्मा ओढलास आणि आपण तिघं गाडीत बसून घरी आलो." एवढंच. चष्म्याच्या जागी तुमच्या घरात खरं जे घडलं असेल ते घाला. "तू आमच्या काळजातून जन्मलीस" छापाची वाक्यं मला स्वतःला आवडत नाहीत. तीन वर्षांचं पोर प्रत्येक शब्द खरा मानतं आणि काळजाचं दार कुठंय ते विचारतं.

आजींचं काय? त्यांच्याशी भांडू नका. त्यांनी शेजारणीला दिलेलं उत्तर खोटं होतं, पण ते नातीच्या बाजूने होतं, तिच्यावर बोट उठू नये म्हणून. आधी ते मान्य करा. मग त्यांना एवढंच विचारा, की हीच पोर पाच वर्षांची होऊन शेजारी उभी असेल, तेव्हाही हेच उत्तर द्यायचं का? आणि ‘आपल्याकडे असलं उघड बोलत नाहीत’ असं त्या म्हणाल्या, तर ‘आपल्याकडे’ काय काय उघडपणे झालंय तेही सांगता येईल. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. हे त्यांनी कधी लपवलं नाही, आणि काळ कोणता होता बघा. तुमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी सोडून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम उभा केला. दीडशे वर्षं होऊन गेली. तेव्हा ही रीत काही परदेशी पाहुणे बॅगेत घालून आणत नाहीयेत.

सगळ्या आळीला सांगत सुटा, असंही मी म्हणत नाही. खोटं न बोलणं वेगळं आणि सगळं सांगणं वेगळं. मुलगी दत्तक आहे, हे सहजपणे म्हणता यावं. ती संस्थेत कशी आली, कुणी ठेवली, कोणत्या अवस्थेत, हा मजकूर तिचा आहे. तो आजीलाही पूर्ण माहीत असायची गरज नाही, शेजारणीला तर नाहीच नाही. मोठी झाल्यावर कुणाला किती सांगायचं ते ती ठरवेल. मेळाव्यातही हाच नियम. तिथं सगळे ‘आपल्यातलेच’ म्हणून लोक फार मोकळे होतात आणि दुसऱ्याच्या पोराची जन्मकथा ताटावर बसल्या बसल्या विचारतात. "ते आम्ही तिच्यासाठी जपून ठेवलंय" एवढं हसून म्हणा आणि भजी घ्या.

आता तुमच्या पत्नीच्या भीतीकडे येते. मोठी झालेली मुलं जन्मदात्यांना शोधत येतात, म्हणजे आईबापांचं प्रेम कमी पडलं, असं तिला वाटतंय. माझ्या पाहण्यातले बरेचसे शोधणारे दत्तक आईवडिलांना बरोबर घेऊन आलेले असतात. कधी आईच फायली उचलून आणते. शोध घेणारं मूल नवी आई मागत नसतं. आपलं नाक कुणाचं, हा त्या शेजारणीचाच प्रश्न त्याला पडलेला असतो, फक्त त्याला विचारायचा हक्क आहे.

दुसरं म्हणजे, त्यांतल्या काहींचा काळ वेगळा होता. भारतातून परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी नीट नियम घालून दिले ते सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात. ‘कारा’ ही दत्तकविधानांचं काम बघणारी केंद्रीय यंत्रणा १९९० ची. त्याआधी गेलेल्यांच्या कागदांत पुष्कळदा फटी असतात. युरोपातही आता जुन्या व्यवहारांची तपासणी सुरू आहे. नेदरलँड्समध्ये सरकारी समितीने काही देशांतली जुनी परदेशी दत्तकविधानं तपासली आणि २०२१ च्या अहवालात गैरप्रकार झाल्याचं नोंदवलं. तपासलेल्या देशांत भारत नव्हता, पण अशा बातम्या वाचून कोणाच्याही मनात आपल्या कागदाबद्दल शंका येते. तेव्हा मेळाव्यात कुणी रागावलेलं, कुणी रडणारं दिसलं तर दचकू नका आणि समजूत काढायलाही धावू नका.

तुमच्या मुलीचा कागद वेगळ्या वाटेने आलाय. मूल कुणी संस्थेकडे सोपवलं असेल, तर त्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. सापडलेलं असेल, तर आधी पालकांचा शोध घेतला जातो. त्यानंतर बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचं जाहीर करते आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. शिवाय आता बहुतेक मुलं देशातच घर मिळवतात. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली, त्यांतली ४,१५५ देशांतर्गत होती. म्हणजे हॉलमधल्या पाहुण्यांकडे बघून ‘हे आपलं वीस वर्षांनंतरचं चित्र’ असं समजू नका. पण प्रश्न तुमच्याही घरी येणार. अठरा वर्षांची झाली की स्वतःच्या मुळाचा शोध घेण्यासाठी ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्याबरोबर. जन्मदात्यांची संमती नसेल, तर त्यांची ओळख उघड होत नाही. त्रयस्थाला हा शोध घ्यायची परवानगी नाही. मेळाव्यात कुणी "माझी ओळख आहे, काढून देतो माहिती" म्हणालं, तर लांब राहा.

तर जायचं का? पत्नी तयार असेल तर शनिवारी तिघंही जा, पण थोडाच वेळ. दिवसभर अजिबात नको. सकाळी दहाला पोहोचा, बाराच्या आत निघा. सोलापूरचा जानेवारी सकाळी गारठ्याचा आणि दुपारी उन्हाचा. झोप मोडलेलं पोर गर्दीत दुपारी कसं वागतं, ते मी सांगायला नको. दाराजवळचं टेबल धरा. कोण कधी पोरीकडे बघणार ते घरातून निघण्यापूर्वी ठरवा, आणि पहिली पाळी तुमची.

पत्नी तयार नसेल, तर शनिवारी तुम्ही एकटे जा. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला बोलायचंय त्याने बोलून यावं. मोठ्या झालेल्या मुलांना ऐका. फक्त "खरे आईबाप सापडले का?" असं विचारू नका, तुमच्या लेकीला हा प्रश्न कुणी विचारलेला तुम्हाला कसा वाटेल? आणि एक लक्षात ठेवा. ही मंडळी दिसायला इथलीच. वेटर, रिक्षावाला, सिद्धेश्वर मंदिरातला फुलवाला त्यांच्याशी मराठीत बोलेल, नाहीतर कन्नड-तेलुगूत. त्यांना एक अक्षर कळणार नाही, आणि ते न कळणं त्यांना किती बोचतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तेव्हा "अरे, मराठी शिकला नाहीस?" हे आपलं नेहमीचं वाक्य जिभेवर आलं, तर गिळा.

उचलून घेण्याबाबत आधीच बोला. आल्या आल्या सांगा, "तिला वाटलं तर ती येईल, उचलू नका." परदेशातल्या एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तुमच्या पोरीत स्वतःचं लहानपण दिसेल आणि तिला जवळ घ्यावंसं वाटेल. तिला खाली जमिनीवर बसायला सांगा, एखादा चेंडू द्या. पोरीला जायचं तर ती जाईल. फोटोंचंही संयोजकांशी आधीच ठरवा. तिचा चेहरा असलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर नको. आणि ‘नशीब काढलं हो पोरीनं’, ‘मोठं पुण्य केलंत’ असं कुणी तिच्यासमोर म्हणालंच, तर तिथल्या तिथे म्हणा, "नशीब आमचं." उपकार केलेल्यांच्या घरी राहतोय असं पोराला वाटलं, की ते हट्ट करायला घाबरतं. अडीच वर्षांच्या पोरीने हट्ट केलाच पाहिजे.

खाण्याचंही बघा. आपण सोलापूरकर शेंगदाणा कशात घालत नाही ते सांगा! चटणी, पोळी, आमटी, शिवाय हुरड्याबरोबर मूठभर भाजलेले दाणे. एवढ्या लहान पोराला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर एक चमचा चटणीही जिवावर बेतू शकते. संयोजकांना एवढं विचारून ठेवा, कदाचित त्यांच्या ध्यानात आलं नसेल.

रविवारच्या बसने मात्र मुलीला नेऊ नका. याबाबत माझं मत पक्कं आहे. जुनी जागा, तोच फिनेलचा वास, त्याच लोखंडी खाटा, आणि आईबाबा लोकांशी बोलण्यात गुंतलेले. आपल्याला परत आणून सोडलं, असं तिला वाटू शकतं, आणि तसं वाटलं तर सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत. रात्री दचकून उठणं, खाणं सोडणं, आईला क्षणभर न सोडणं यातून ते बाहेर येईल. शनिवारच्या गर्दीनंतरही दोन-चार दिवस असं होऊ शकतं. झालं तर ओरडू नका, घरातला रोजचा क्रम नेटाने चालू ठेवा. आठवड्यानेही शांत झाली नाही, तर संस्थेच्या समाजसेविकेशी बोला. दत्तकानंतरचा तुमचा दोन वर्षांचा पाठपुरावा अजून चालू असणार, दर सहा महिन्यांनी त्या येतातच. संस्थेत न्यायचंच असेल तर चार-पाच वर्षांची झाल्यावर, गर्दी नसलेल्या दिवशी, "बघून येऊ आणि घरी येऊन जेवू" असं आधी सांगून न्या.

रविवारी तुम्ही एकटे मात्र नक्की जा आणि वही घेऊन जा. या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. तिला अकरा महिने सांभाळणाऱ्या मावश्या तिथं अजून आहेत. त्या बदलतात, निवृत्त होतात, पुढच्या मुलांच्या गडबडीत विसरतात. आत्ता विचारा. तिला तिथं काय नावाने हाक मारायचे? पालथी झोपायची की कुशीवर? पहिला दात कधी आला? कुठलं गाणं म्हटलं की शांत व्हायची? कुणाच्या मागे लागायची? त्यांच्याकडे एखादा फोटो असेल तर संस्थेच्या परवानगीने प्रत मागा. दत्तक घेताना मिळालेल्या बाल अध्ययन अहवालात आणि वैद्यकीय अहवालात वजन-उंची आहे, लसी आहेत, एवढं बारीक सहसा नसतं. पंधरा वर्षांची होऊन ती विचारेल, "मी लहानपणी कशी होते?" तेव्हा तुमच्याकडे अकरा महिन्यांचा कोरा कागद नसावा. जन्मदात्यांबद्दल मात्र मावश्यांना खोदू नका. तो गोपनीय भाग आहे, आणि चार तोंडांतून आलेली ऐकीव गोष्ट पुढे पोरीला खरी वाटत राहते.

ज्यांना असं बोलावणं आलेलं नाही, अशा वाचकांसाठी : मेळावा हवाच असं नाही. दोन-तीन दत्तक कुटुंबं अधूनमधून एकमेकांकडे जेवायला जमली तरी चालतं. आपल्यासारखंच घरी आलेलं आणखी एक पोर आहे, एवढं मुलाला माहीत असलं की झालं. आणि मावश्यांना भेटायची वही प्रत्येकाने करावी, मूल आणून वर्ष झालं असेल तरी आणि पाच झाली असतील तरी.

तुमच्याकडे अजून वेळ आहे. या आठवड्यात अल्बम करायला घ्या, आजींनाही त्यात बसवा, फोटो त्यांनाच चिकटवू द्या. संस्थेला फोन करून फोटो, जेवण आणि रविवारी तुम्ही एकटेच येणार हे कळवा. यंदाच्या बोरन्हाणाला ती शेजारीण येईलच. नाकाचा विषय निघाला, तर उत्तर आजींना द्यायचंय की तुम्हाला, तेवढं चौघा मोठ्यांत आधी ठरवा. चौथ्या म्हणजे सासूबाई, पत्नीच्या आई. "माहेरी बाळंत झाली" हे त्यांच्या घरावर ढकललेलं आहे, आणि त्यांचं म्हणणं तुमच्या पत्रात कुठेच नाही.